छेदात कोण नाही? ग्रामीण आरोग्य आणि विषमतेचा लोकसंख्या-अभ्यास कसा करावा

कोणताही दर हा शेवटी एक अपूर्णांक असतो. वर अंशात घटना: जन्म, मृत्यू, आजारपण. खाली छेदात माणसं. आरोग्यातली विषमता शोधायला निघालेले बहुतेक जण अंशाच्या मागे धावतात. किती बाळं दगावली, किती जणांना उपचार मिळाले, एवढंच विचारतात. अभ्यास फसतो तो मात्र बहुतेकदा छेदात. मोजणीतून सुटणारी माणसं कशीही, कुठूनही सुटत नाहीत. वस्तीच्या टोकाचं घर, कामासाठी सहा महिने बाहेर असलेलं कुटुंब, दुसऱ्याच्या आसऱ्याला राहणारी म्हातारी, बारशाआधीच गेलेलं बाळ, हीच माणसं आधी सुटतात. ज्यांच्यासाठी अभ्यास करायचा तीच आकड्यांत नसली, तर विषमता आहे त्यापेक्षा कमी दिसते आणि तो आकडा पुढे वर्षानुवर्षं वापरला जातो.

म्हणून प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत राहायचा: इथे कोण सुटलं? एखादी संस्था, संशोधक विद्यार्थी किंवा आरोग्य कार्यकर्त्यांचा गट काही गावांत असा अभ्यास सुरू करणार असेल, तर काय आणि कोणत्या क्रमाने करावं, ते पुढे सविस्तर लिहितो आहे.

प्रश्न आणि आवाका: कागदावर आधी गणित

‘गावातल्या आरोग्य विषमतेचा अभ्यास’ हा प्रश्न नाही, तो विषय झाला. प्रश्न असा हवा: ‘गेल्या पाच वर्षांत भूमिहीन आणि जमीनधारक कुटुंबांमधल्या अर्भक मृत्यू दरात (हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं) किती फरक आहे?’ यात काळ आहे, गट आहेत आणि मोजायची गोष्ट आहे.

आता हा प्रश्न हाताशी असलेल्या लोकसंख्येत सुटू शकतो का, ते पाहा. 1,500 वस्तीच्या गावात जन्मदर हजारी 20 असेल तर वर्षाला 30 बाळं जन्मतात. त्यातलं एक दगावलं तर दर हजारी 33, दोन दगावली तर 67, एकही नाही तर शून्य. एका वर्षाच्या अशा आकड्यावरून ‘सुधारणा झाली’ किंवा ‘परिस्थिती बिघडली’ असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

एका गटात अर्भक मृत्यू दर हजारी 60 आणि दुसऱ्यात 40 आहे असं धरा. हा फरक योगायोगाचा नाही असं भरवशाने सांगायचं असेल, म्हणजे 5 टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) आणि फरक पकडण्याची 80 टक्के शक्यता हवी असेल, तर प्रत्येक गटात साधारण 1,900 जन्म लागतात. दोन्ही गट समान धरले तर एकूण 3,800 जन्म. हजारी 20 जन्मदराने त्याचा हिशेब होतो 38,000 लोकसंख्या आणि पाच वर्षं. नमुना गावागावांच्या गुच्छांतून घेतला तर आकडा आणखी वाढतो, कारण एकाच गावातली माणसं एकमेकांसारखी असतात.

हे वाचून निराश होऊ नका. लोकसंख्या कमी असेल तर प्रश्न बदला. बालमृत्यूऐवजी पाच वर्षांखालच्या मुलांची वाढ, लसीकरण, प्रसूती कुठे झाली, उपचाराला किती उशीर झाला, या गोष्टी बऱ्याच लहान नमुन्यातही मोजता येतात. न झेपणारा प्रश्न हट्टाने धरून ठेवण्यापेक्षा झेपणारा प्रश्न नीट सोडवलेला मला केव्हाही पसंत आहे.

एकदाच जायचं की पुन्हा पुन्हा

एका वेळचं सर्वेक्षण स्वस्त पडतं, पण ते आज हजर असलेल्यांनाच भेटतं. आई दगावली आणि घर मोडलं, तर त्या घराची गोष्ट सांगायला कोणी उरत नाही. उलट तीच लोकसंख्या वर्षानुवर्षं, ठरावीक फेऱ्यांनी नोंदवत राहिलं की माणसं डोळ्यांसमोरून नाहीशी होत नाहीत. बांगलादेशातल्या मतलब इथे 1966 पासून अशी नोंद चालू आहे. सेनेगलमधल्या नियाखारची सुरुवात 1962 ची, तर दक्षिण आफ्रिकेतल्या अगिंकोर्टची 1992 ची. अशा केंद्रांना एकत्र आणणारं ‘इन्डेप्थ’ हे जाळं 1998 मध्ये उभं राहिलं.

मतलबमधून काय हाती आलं ते पाहिलं की हा खटाटोप कशासाठी ते कळतं. तिथल्या नोंदींमधून 1980 च्या सुमारास दिसलं की पहिल्या वर्षानंतरच्या बालपणात मुलींचे मृत्यू मुलांपेक्षा जास्त होते. जुलाबाचं प्रमाण दोघांत जवळपास सारखं होतं, पण उपचार केंद्रात मुलांना कितीतरी जास्त वेळा आणलं जात होतं. उपचार फुकट असूनही. घर हे एकक धरून विषमता मोजली असती, तर ही गोष्ट कधीच दिसली नसती. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणारी दोन मुलं वेगवेगळ्या शक्यता घेऊन जगतात.

तुम्हाला दीर्घकाळ जमणार नसेल, तर निदान दोन वर्षं, दर चार किंवा सहा महिन्यांनी एक फेरी एवढं तरी ठरवा.

घरयादी: इथे घाई करू नका

पहिलं काम नकाशाचं. सरकारी यादी हाती असली तरी स्वतः चालत जाऊन प्रत्येक वस्ती, प्रत्येक छप्पर नकाशावर मांडा. शेतातली, खाणीजवळची, बांधकामावरची तात्पुरती घरंसुद्धा. गावातल्या वेगवेगळ्या समाजगटांच्या बायकांना नकाशा दाखवून विचारा, यात कुठलं घर राहिलं? एकाच माणसाला, विशेषतः गावच्या पुढाऱ्याला विचारून थांबू नका. त्याला जी वस्ती गावाबाहेरची वाटते, ती तुमच्याही नकाशाबाहेर जाते.

मग दोन व्याख्या लेखी ठरवा आणि पुढे बदलू नका. पहिली, कुटुंब म्हणजे काय. एका चुलीवर जेवणारे, की एका छताखाली राहणारे? दुसरी, रहिवासी कोण? गेल्या सहा महिन्यांत किती काळ इथे राहिलं तर माणूस आपल्या छेदात धरायचा? नियम कडक केला की हंगामी मजूर गळतात, सैल केला की नुसते पाहुणे आत येतात. माझा सल्ला असा की बाहेर गेलेल्या माणसाला यादीतून खोडू नये. त्याची ‘गेला’ अशी तारीख लिहावी, परत आला की ‘आला’ ही तारीख. म्हणजे नंतर प्रत्येकाने अभ्यासक्षेत्रात प्रत्यक्ष घालवलेला काळ मोजता येतो. वर्षाच्या मध्यावर गेलेला माणूस छेदात अर्धं व्यक्तिवर्ष देतो. दर काढताना डोकी नव्हे, ही व्यक्तिवर्षं छेदात धरायची.

प्रत्येक माणसाला कायमचा क्रमांक द्या. घराच्या क्रमांकाला माणूस बांधून ठेवू नका, कारण लग्न, वाटणी, स्थलांतर होणारच. आई आणि मूल यांचे क्रमांक मात्र एकमेकांना जोडून ठेवा.

कुलूप असलेलं घर ‘उपलब्ध नाही’ म्हणून सोडायचं नाही. तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी जा. पहाटे किंवा दिवेलागणीला मजुरीवरची माणसं घरी सापडतात. कार्यालयीन वेळेत केलेलं सर्वेक्षण हे घरी बसू शकणाऱ्यांचं सर्वेक्षण ठरतं.

जन्म आणि मृत्यू

‘या घरात वर्षभरात कोणी वारलं का?’ या प्रश्नाला बहुतेकदा ‘नाही’ असं उत्तर येतं. चार दिवसांच्या बाळाला अनेक घरांत ‘माणूस वारलं’ या हिशेबात धरतच नाहीत. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात. तेच हातून गेले तर अर्भक मृत्यू दर खोटा ठरतो.

त्यामुळे मृत्यूपासून नव्हे, गर्भारपणापासून नोंद सुरू करा. प्रत्येक फेरीत गरोदर स्त्रियांची यादी करायची आणि पुढच्या फेरीत प्रत्येक गर्भारपणाचं काय झालं ते विचारायचं. बाळ मृत जन्मलं असं सांगितलं तर हळुवारपणे तीन गोष्टी विचाराव्यात: रडलं होतं का, हालचाल केली होती का, श्वास घेतला होता का? यातल्या एकालाही होकार असेल तर तो उपजत मृत्यू नाही. तो जन्मही आहे आणि मृत्यूही, दोन्हीकडे लिहायचा.

मागच्या काळाची माहिती हवी असेल तर प्रत्येक स्त्रीचा पूर्ण प्रसूती-इतिहास घ्या: प्रत्येक मूल, जन्ममहिना, हयात आहे का, नसेल तर किती वयात गेलं. वेळ नसेल तर ‘आतापर्यंत किती मुलं झाली, त्यातली हयात किती’ एवढ्यावरूनही बालमृत्यूचा अंदाज बांधता येतो. ती पद्धत लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांनी विकसित केली. पण विषमतेच्या प्रश्नाला तिचं उत्तर फार ढोबळ पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाची युक्ती. एकाच घटनेची नोंद दोन स्वतंत्र माणसांनी करायची. गावातली कार्यकर्ती वर्षभर घडेल तशी नोंद ठेवते आणि बाहेरचा सर्वेक्षक तिची वही न पाहता सहामाही फेरी करतो. मग दोन्ही याद्या जुळवायच्या. संख्याशास्त्रज्ञ चंद्रशेखर आणि डेमिंग यांनी 1949 मध्ये यावरून सुटलेल्या घटनांचा अंदाज काढायची रीत मांडली. निवडक भागांतले जन्म-मृत्यू सतत नोंदवणाऱ्या भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीतही दुहेरी नोंदीचंच तत्त्व आहे.

काल्पनिक उदाहरण घेऊ. कार्यकर्तीच्या यादीत 80 मृत्यू, सर्वेक्षकाच्या यादीत 70, दोन्हींत सामायिक 56. 80 गुणिले 70, भागिले 56, म्हणजे 100. प्रत्यक्ष सापडले 94, म्हणजे सहा सुटले. ठीकच म्हणायचं? आता हेच आकडे मूळ गाव आणि दूरच्या वस्त्या असे वेगळे करा. मूळ गावात 60, 50 आणि सामायिक 45. एकूण अंदाज 67, सापडले 65. दूरच्या वस्त्यांत 20, 20 आणि सामायिक 11. अंदाज 36, सापडले 29. म्हणजे मूळ गावात जवळपास सगळे मृत्यू मोजले गेले आणि दूरच्या वस्त्यांत पाचातला एक सुटला. एकत्रित हिशेबात हे झाकलं गेलं होतं, आणि एकूण अंदाजही 103 ऐवजी 100 आला होता.

ही रीत दोन नोंदी स्वतंत्र आहेत असं गृहीत धरते. एखादं घर दोघांकडूनही सुटण्यासारखंच असेल तर अंदाज कमी येतो. म्हणून हा हिशेब नेहमी गटवार करा, आणि तुमच्या अहवालात गटवार पूर्णतेचा तक्ता पहिल्या पानांवर असू द्या.

मृत्यूचं कारण

डॉक्टरने न पाहिलेल्या मृत्यूचं कारण घरच्यांच्या मुलाखतीतून ठरवतात. याला मौखिक शवचिकित्सा किंवा व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाणित प्रश्नावली आहे. 2007 ची, पुढे 2012, 2016 आणि 2022 मध्ये सुधारलेली. ती वापरा, स्वतःची बनवू नका. उत्तरांवरून दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे कारण ठरवावं, किंवा इंटरव्हीए, इनसिलिकोव्हीए यांसारखी संगणकीय पद्धत वापरावी.

कारणाबरोबर प्रवासही लिहून घ्या. आजार कधी लक्षात आला, दवाखान्यात जायचं कधी ठरलं, वाहन कधी मिळालं, उपचार कधी सुरू झाले. ‘न्यूमोनिया’ हा शब्द दोन्ही घरांत सारखाच येतो. एका घराने त्याच दिवशी उपचार गाठले, दुसऱ्याला तीन दिवस लागले, हा फरक या चार तारखांतच सापडतो.

ही मुलाखत म्हणजे कोणाच्या तरी दुःखात पाऊल टाकणं आहे. लगेच जाऊ नका, काही आठवडे थांबा, पण वर्ष उलटू देऊ नका. बाई गेली असेल किंवा बाळ गेलं असेल तर मुलाखत घेणारी स्त्री असावी. समोरची व्यक्ती रडू लागली तर पेन खाली ठेवायचं. मुलाखत अर्धी राहिली तरी चालेल.

संमती, आणि आजारी मूल समोर दिसलं तर

शिक्षण कमी असलेल्या व्यक्तीची संमती म्हणजे अंगठ्याचा ठसा नव्हे. तिच्या बोलीत सांगा, तिलाच परत सांगायला लावा, आणि नकार दिल्याने कुठलीही योजना वा उपचार बंद होणार नाही हे स्पष्ट करा. अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी घरयादीच्या आधी घ्यायची.

सर्वेक्षक वजन करत असताना धापा टाकणारं मूल दिसलं तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं हवं. कुठे न्यायचं, वाहन कोणाचं, खर्च कोणाचा, हे लेखी असावं. ‘आम्ही फक्त माहिती घेतो’ हे उत्तर मला मान्य नाही. मदतीमुळे आकडे थोडे बदलतील. बदलू द्या, आणि अहवालात तसं नमूद करा.

गरीब कोण?

ग्रामीण भागात उत्पन्न विचारून हाती फारसं लागत नाही. ते हंगामी असतं, धान्याच्या रूपात असतं आणि अनेकदा सांगायचंही नसतं. अर्थतज्ज्ञ फिल्मर आणि प्रिचेट यांनी 2001 मध्ये दाखवून दिलेला मार्ग आज सर्वत्र वापरला जातो. घराच्या भिंती, छप्पर, पाणी, शौचालय, जनावरं, वाहन अशा मालमत्तेवरून प्रिन्सिपल कम्पोनंट अॅनालिसिसने (अनेक उत्तरांतून एकच आकडा काढणारी सांख्यिकी पद्धत) निर्देशांक काढायचा आणि कुटुंबांचे पाच समान गट करायचे.

पण राष्ट्रीय सर्वेक्षणाची यादी जशीच्या तशी उचलू नका. तिच्यात शहर आणि खेडं एकत्र असतं, त्यामुळे तुमच्या गावातली निम्मी घरं सर्वांत खालच्या एकाच गटात कोंबली जातात. तुमच्या भागात कोणत्या वस्तूने घराघरांत फरक पडतो ते आधी पाहा. सगळ्यांकडे मोबाइल असेल तर तो प्रश्न निरुपयोगी. सिंचनाची जमीन, कर्ज, वर्षातले किती महिने घरचं धान्य पुरतं, हे प्रश्न कितीतरी बोलके असतात.

निर्देशांकाबरोबर स्त्री-पुरुष, जात-जमात वा वंश, अपंगत्व, आईचं शिक्षण, दवाखान्यापर्यंतचं अंतर वेगळं नोंदवा. अंतर किलोमीटरमध्ये नको, ओढ्याला पूर आल्यावर लागणाऱ्या वेळात घ्या.

आजारपण विचारताना फसगत होते

‘गेल्या महिन्यात आजारी होता का?’ या प्रश्नाला सुस्थितीतली माणसं जास्त वेळा ‘हो’ म्हणतात. अमर्त्य सेन यांनी 2002 मध्ये याकडे लक्ष वेधलं. आयुर्मान जास्त असलेल्या केरळमध्ये लोक आजार जास्त सांगतात आणि बिहारमध्ये कमी. ज्याला रोजचा खोकला आणि थकवा हेच आयुष्य वाटतं, तो त्याला आजार म्हणत नाही. त्यामुळे जिथे शक्य तिथे मोजा. उंची, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं ठेवून आणि दोघांनी मिळून घ्यायची. वाढ 2006 च्या जागतिक मानकांशी ताडायची.

खर्चाचंही असंच. उपचारांवर सर्वात कमी खर्च करणारी कुटुंबं अनेकदा तीच असतात, जी उपचाराला गेलीच नाहीत. त्यांचा शून्य हा सुखाचा शून्य नाही. ‘किती खर्च झाला’ या प्रश्नाआधी ‘जायला हवं होतं पण गेला नाहीत असं कधी झालं का, आणि का?’ हे विचारा. ‘पैसे कुठून आले’ हेही. जनावर विकून भरलेले बिल आणि बचतीतून भरलेलं बिल तक्त्यात एकाच आकड्याचं दिसतं.

आकडे तपासणं

विश्लेषणाची घाई करण्यापूर्वी आकड्यांना काही साधे प्रश्न विचारा. वयं 30, 35, 40 यांवरच गोळा झाली आहेत का? त्यासाठी व्हिपल निर्देशांक आहे, 23 ते 62 वयांवरून काढायचा. 100 म्हणजे वयं अशी गोळा झालेली नाहीत, 500 म्हणजे सगळी वयं शून्य किंवा पाचावर संपणारी. वय ठाऊक नसेल तर पूर, दुष्काळ, रस्ता झाला ते साल, अशा स्थानिक घटनांची दिनदर्शिका वापरा. जन्मांत शंभर मुलींमागे साधारण 105 मुलगे अपेक्षित असतात. आकडा फार वेगळा असेल तर मुलींची नोंद सुटली की खरोखर त्या जन्मूच दिल्या गेल्या नाहीत, याचा शोध घ्या. बरोबर बारा महिन्यांवर मृत्यूंची गर्दी दिसली तर त्यातले काही अकराव्या-दहाव्या महिन्यातले असतात आणि ते अर्भक मृत्यूतून निसटतात. हे सगळं सर्वेक्षकवार काढा. एखाद्याच्याच भागात पहिल्या आठवड्यातले मृत्यू जवळपास नसतील, तर त्या भागात पुन्हा जावं लागेल.

मोबाइलवर नोंद घ्यायला ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स पुरेसं आहे. दोन्ही नेटवर्कशिवाय चालतात.

फरक सांगायचा तो दोन्ही प्रकारे

समजा गरीब गटात बालमृत्यू दर हजारी 100 वरून 60 वर आला आणि श्रीमंत गटात 50 वरून 20 वर. तफावत 50 ची 40 झाली, म्हणजे विषमता घटली. गुणोत्तर मात्र 2 चं 3 झालं, म्हणजे विषमता वाढली. दोन्ही विधानं खरी आहेत, म्हणून दोन्ही छापा. सोयीचं एकच निवडणं ही फसवणूक आहे. फक्त दोन टोकांचे गट न पाहता सगळे पाच गट धरायचे असतील तर कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स काढा. तो उणे 1 ते अधिक 1 च्या दरम्यान असतो आणि मृत्यूसारख्या वाईट गोष्टीसाठी उणे आला तर तिचा भार गरिबांकडे झुकलेला आहे. प्रत्येक आकड्यासोबत विश्वासार्हता मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असावा त्या दोन सीमा, हव्यातच.

नवी सेवा सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं विषमता वाढलेली दिसली तर गोंधळू नका. साथरोगतज्ज्ञ व्हिक्टोरा आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये मांडलं की नवी सेवा आधी सुस्थितीतल्यांपर्यंत पोहोचते, गरिबांपर्यंत नंतर. डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी 1971 मध्येच लिहिलं होतं की चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या उलट प्रमाणात मिळते. तुमची दीर्घ नोंद असेल तर ‘नंतर’ म्हणजे किती वर्षं, हे तुम्हाला सांगता येईल.

गावाला परत सांगणं

अहवाल छापण्यापूर्वी गावात बैठक घ्या, मूळ गावात एक आणि दूरच्या प्रत्येक वस्तीत वेगळी. नावं वाचायची नाहीत. लहान वस्तीत ‘तीन विधवा, त्यातली एक क्षयाने गेली’ एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून पाचापेक्षा कमी माणसांचे आकडे उघड करू नका. एवढंच सांगा: वर्षभरात इतके जन्म लिहिले, इतके मृत्यू लिहिले, तुम्हाला हे बरोबर वाटतं का?

आणि मग गप्प बसा. बराच वेळ कोणी बोलणार नाही. बैठक मोडत आल्यावर एखादी बाई जवळ येऊन हळूच विचारेल की तिच्या जावेचं बाळ धरलं आहे का, जे माहेरी दगावलं होतं. तिला बाजूला घेऊन, जुनी नोंद न खोडता, नव्या ओळीत ते लिहा आणि समोर आजची तारीख घाला.